कचऱ्याच्या डब्यावरचे स्टंप (ऑस्ट्रेलियातल्या खेळाच्या आठवणी येऊ द्या)

मधलीआळी:
आज सकाळी लाल झाकणाचा डबा आत ओढताना मागच्या बाजूला तीन पुसट पांढऱ्या रेषा दिसल्या. लेकाने सहावीत असताना काढलेले स्टंप. लेक आता ब्रिस्बेनला नोकरीला. इतकी वर्षं दर आठवड्याला हाच डबा ओढतोय, पण लक्ष गेलं ते आज.

सांगलीच्या वाड्यात आम्ही भिंतीवर कोळशाने स्टंप काढायचो. आउट आहे की नाही यावरून भांडण झालं की बॉलला काळं लागलंय का बघायचं. तोच आमचा थर्ड अंपायर. (बॅटिंग करणारा बॉल आधी चड्डीला पुसायचा, हा भाग वेगळा.)

२००९ मध्ये मेलबर्नला आलो. त्या डिसेंबरात शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून हाक मारली, एक माणूस कमी पडतोय, येतोस का. स्टंप म्हणून कचऱ्याचा डबा. कुंपणापलीकडे मारला तर सिक्स आणि आउट. एक टप्पा एका हाताने पकडला तर आउट. पहिल्या बॉलला कुणी आउट नाही. यातलं काहीही मला समजवावं लागलं नाही. आजोबांचं इंग्रजी कळायला मात्र सहा महिने लागले.

तुमच्याही आठवणी लिहा. क्रिकेट, फुटी (इथला लांबट बॉलचा फुटबॉल), काहीही.

पर्थवाला:
मी इथे नवीन असताना ऑफिसमधला एकजण म्हणाला, आज फार उकडतंय, पण तीनपर्यंत डॉक्टर येईल. मला वाटलं कुणाला तरी बरं नाहीये. तीन वाजले, चार वाजले, डॉक्टर काही आला नाही. खिडक्या मात्र सगळ्यांनी उघडल्या. इथे दुपारी समुद्रावरून जो गार वारा सुटतो त्याला फ्रीमॅन्टल डॉक्टर म्हणतात. वाकाच्या, म्हणजे इथल्या मैदानावरच्या, मॅचमध्ये कॉमेंट्रीवाले त्याच्याबद्दल बोलायचे ते लहानपणी ऐकलं होतं हो, पण तेव्हा सचिनच्या ११४ कडे लक्ष होतं.

सुमी_गीलाँग:
हाहाहा डॉक्टर 😂
पोरीचा डबा भरून झाला की लिहिते

डोंबिवलीचे आजोबा:
मुलगा ॲडलेडला असतो. दोन वर्षांपूर्वी मला तिथल्या ओव्हल मैदानावर घेऊन गेला. तिथे हाताने चालवायचा जुना स्कोअरबोर्ड अजून आहे, १९११ सालचा. मी मॅच बघायची सोडून त्याच्याकडेच बघत बसलो. १९८१ च्या जानेवारीत त्याच्यावर संदीप पाटीलचे १७४ लागले असणार. आधीच्या सिडनी टेस्टमध्ये ऑस्ट्रेलियाच्या पास्कोचा बॉल कानावर बसून खाली कोसळलेला माणूस, आणि पुढच्याच टेस्टला हे! नातवाला सांगितलं तर म्हणतो, आबा, व्हिडिओ आहे का? मी म्हटलं, आम्ही पेपरात वाचलं रे बाळा.

नुसताच_वाचक:
मी कधी ऑस्ट्रेलियाला गेलेलो नाही, चालेल का? आमचा ऑस्ट्रेलिया म्हणजे पहाटे पाच. गोधडी अंगावर, टीव्हीचा आवाज एकवर, आणि आईने उठून विचारायचं, अभ्यासाला कधी उठलास का रे असा?

मधलीआळी:
@नुसताच_वाचक चालेल काय, धावेल! आणि आता आमचं उलटं झालंय. आयपीएल इथे रात्री बारानंतर. ऑफिसात सकाळी डोळे बघून कळतं मुंबईची मॅच होती.

सुमी_गीलाँग:
हं आले. आमच्याकडे क्रिकेट नाहीच, फुटी. लेकीला अंडर टेनमध्ये घातलं तेव्हा मला एवढंच माहीत होतं की बॉल लांबट असतो आणि मैदान क्रिकेटचंच. दुसऱ्या आठवड्यात गोल अंपायरची आई आजारी. टीम मॅनेजरने पांढरा कोट आणि दोन झेंडे माझ्याच हातात दिले. चार खांब. मधल्या दोनातून गेला तर सहा गुण, दोन झेंडे. बाजूच्यातून गेला तर एक गुण, एक झेंडा. पाठ करत उभी राहिले. पहिलाच बॉल बाजूने गेला आणि मी उत्साहात दोन्ही झेंडे फडकवले!! समोरच्या टीमचे पालक जे ओरडले. आमच्या टीमचे चूप 🙈
मध्यंतरात पोरींना संत्र्याच्या फोडी देतात. एकदा चाट मसाला लावून नेल्या. तेव्हापासून रोस्टरवर संत्री कायमची माझ्या नावावर.

बाकावरचा:
हुकलं तरी एक गुण मिळतो हे मला भयंकर आवडतं. आमच्या शाळेत अशी पद्धत असती तर गणितात सुटलो असतो.

एक_टप्पा:
@बाकावरचा +१

२०१० ची फुटीची ग्रँड फायनल आठवते का कुणाला? कॉलिंगवूड-सेंट किल्डा, ६८-६८. शेजारी सगळे जमलेले, बार्बेक्यू चालू, आणि हूटर वाजला तर कुणाला कळेना हसायचं की रडायचं. तेव्हा सुपर ओव्हर वगैरे भानगड नव्हती, पुढच्या शनिवारी परत मॅच! पुन्हा तेवढाच बार्बेक्यू. मी शाकाहारी. दोन्ही शनिवारी ब्रेडमध्ये नुसता तळलेला कांदा.

सुमी_गीलाँग:
@एक_टप्पा ब्रेडमध्ये कांदा छान लागतो की. वर जरा शेंगदाण्याची चटणी टाकायची.

पर्थवाला:
शेंगदाण्याची चटणी सोबत न्यायची म्हणजे सुमीताई धन्य आहात

निळं_दार:
जरा वेगळं लिहिते.
नोव्हेंबर २०१४. ऑस्ट्रेलियाचा बॅट्समन फिलिप ह्यूज ६३ वर खेळत असताना त्याला बॉल लागला आणि दोन दिवसांनी तो गेला. आम्ही तेव्हा सिडनीला वेंटवर्थव्हिलमध्ये राहायचो. दुसऱ्या दिवशी समोरच्या घराबाहेर एक बॅट भिंतीला टेकवून ठेवलेली, वर टोपी. मग शेजारी एक. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत बॅटी. हे गेले होते पुण्याला, घरात मी आणि सासूबाई. त्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी विचारलं काय झालं, मी सांगितलं, पंचविशीचा मुलगा, सव्विसावा वाढदिवस तीन दिवसांवर होता. काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, ह्यांची कॉलेजातली चिकटपट्ट्या लावलेली बॅट शोधून काढली, दारात ठेवली, आणि तिच्यासमोर निरांजन लावलं. समोरची बाई फुलांना पाणी घालत होती, ती रस्ता ओलांडून आली आणि सासूबाईंच्या शेजारी पायरीवर बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.
त्याच्या नावापुढे तेव्हापासून ६३ नॉट आउटच लिहितात.

डोंबिवलीचे आजोबा:
🙏 सासूबाईंना नमस्कार सांगा.

निळं_दार:
त्या गेल्या काका, २०१९ मध्ये. बॅट आहे.

मधलीआळी:
हे वाचून थांबलो जरा.

बाकावरचा:
अजिंक्यबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही अजून? २०२० मध्ये ॲडलेड टेस्टला आपण ३६ ऑल आउट झालो, त्यानंतर सोमवारी माझ्या मॅनेजरने मीटिंग ३६ सेकंदांची ठेवली होती. खरंच. मी गप्प. मग बॉक्सिंग डे, म्हणजे २६ डिसेंबरला सुरू होणारी मेलबर्नची टेस्ट. कोविडमुळे दिवसाला ३० हजारच लोकांना परवानगी, तिकीट नशिबाने मिळालं. दुसऱ्या दिवशी अजिंक्यचं शतक झालं तेव्हा माझ्या आसपास सगळे ऑस्ट्रेलियन, मधे मोकळ्या खुर्च्या, मास्क. मास्कमधून ओरडायला जमत नाही नीट. एमसीजीवर ओरडलो ते 'आपला रहाणे' असंच, मराठीत. तीन ओळी पुढून उत्तर आलं, "डोंबिवलीचा हो!"

डोंबिवलीचे आजोबा:
आमचाच.

लीनता:
फुटबॉलचं लिहू का, खरा फुटबॉल 😄 २०२३ चा महिला वर्ल्ड कप, माटिल्डा (ऑस्ट्रेलियाच्या मुलींची टीम) विरुद्ध फ्रान्स, पेनल्टी संपता संपेनात. भाजी करपली. नवरा म्हणाला दुसरी करू. पेनल्टी तेव्हाही चालूच. ७-६!! त्या रात्री पिठलं

सुमी_गीलाँग:
@लीनता 'खरा फुटबॉल' इथे म्हणू नकोस बाई, माझी लेक वाचते हे

नुसताच_वाचक:
मधलीआळी, मग त्या रेषा पुसल्या का?

मधलीआळी:
नाही. लेकाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर: "बाबा, तेव्हा तुम्ही आउट होतात."
बरं, पॉइंट कुकमधलं कुणी आहे का? उद्या कचऱ्याचा कुठला डबा बाहेर ठेवायचा, पिवळं झाकण की हिरवं?

एक_टप्पा:
हिरवं. पिवळं मागच्या आठवड्यात गेलं.