चित्रटिपांसाठी हस्ताक्षरी वळणाचा फॉन्ट: मदत हवी आहे

नमस्कार. सहावी-सातवीच्या मुलांसाठी असलेल्या एका विज्ञानपुस्तिकेची मांडणी मी करत असून, तिच्यातील चित्रांलगतच्या टिपा आणि संवादांचे फुगे वहीत सहज लिहिल्यासारखे दिसावेत, म्हणून 'कलम' हा फॉन्ट योजला आहे. इंडियन टाइप फाउंड्रीचा हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मुक्त परवान्याने लाइट, रेग्युलर आणि बोल्ड अशा तीन वजनांत मिळतो, आणि त्याचा किंचित तिरका झोक मथळ्यांत फार गोड दिसतो. मुख्य मजकूर 'मुक्ता'मध्ये आहे. तिथे प्रश्न नाही.

पेच आहे तो टिपांचा. साध्या कागदावर ९ पॉइंटमध्ये हस्ताक्षरी वळण छापायचे म्हटले, की 'पृष्ठभाग', 'दृष्टी' यांसारखी जोडाक्षरे शाईने भरण्याची आणि 'किंवा'मधला अनुस्वार वेलांटीला चिकटण्याची भीती वाटते.

लहान आकारातही सुवाच्य राहणारा, ल आणि श यांची मराठी वळणे असलेला असा दुसरा मुक्त फॉन्ट कोणी प्रत्यक्ष छपाईत वापरला आहे का? नसल्यास, 'कलम'च ठेवून कोणते वजन आणि किती ओळअंतर घ्यावे, हे कृपया सांगावे. अक्षरांतर वाढवले की शिरोरेषा तुटते, त्यावरही काही तोड असल्यास अवश्य कळवावी.