४१३००१ चुकत नाही, फिरत राहतं

गणितज्ञ द. रा. कापरेकरांची क्रिया म्हणजे संख्येचे अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने मांडून वजा करायचे आणि उत्तरावर पुन्हा तेच करत राहायचं. चार अंकी संख्या यात जवळजवळ नेहमी ६१७४ वर येऊन थांबतात. सोलापूरच्या ४१३००१ या पिनकोडवर ही क्रिया केली तर एक जण म्हणतो ६१७४ आलं, दुसरा म्हणतो उत्तर थांबतच नाही. दुसऱ्याचं बरोबर आहे. पहिल्याने दोन शून्यं टाकून दिली: ४३११ − ११३४ = ३१७७, मग ६३५४, ३०८७, ८३५२ आणि ६१७४. हा चार अंकी संख्येचा प्रवास झाला. आपली संख्या सहा अंकी आहे, म्हणून चढता क्रम ००११३४ असाच धरायचा.

४३११०० − ००११३४ = ४२९९६६. पुढे ७४९९४३, ६५२६४४, ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६! सात संख्यांचं हे रिंगण कधीच सुटत नाही. मला तर हे ६१७४ पेक्षाही सुंदर वाटतं.

सहा अंकांत स्वतःवरच थांबणाऱ्या संख्याही आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४. ७६६४३१ − १३४६६७ करून बघा, ६३१७६४ च येतं. पण ४१३००१ ची वाट तिकडे जात नाही.

हातानं करताना हातच्यात गडबड होतेच. प्रत्येक वजाबाकीनंतर अंकांची बेरीज करा. तेच अंक उलटसुलट मांडून वजा केल्यामुळे उत्तराला, म्हणून त्या बेरजेलाही, ९ ने भाग जायलाच हवा. वरच्या सगळ्या सहा अंकी उत्तरांची बेरीज २७ किंवा ३६ आहे. मात्र बेरीज जुळली तरी अंकांची अदलाबदल झालेली यात पकडली जात नाही, तेवढं डोळ्यांनी तपासावं.