रे: रे: रे: कोजागिरी – बारा गाणी, आज सहाच्या आत कळवा

नमस्कार मंडळी,
फ्लायर आज रात्री प्रिंटला जातोय. कालच्या मीटिंगमध्ये ठरलं तसं "मराठीतले सर्वश्रेष्ठ गीतकार", गाणी बारा. गदिमा ५, शांताबाई ३, खेबूडकर २, सुरेश भट २. हॉल साडेनऊला रिकामा करून द्यायचाय, मसाला दुधाला अर्धा तास धरलाय, तेरावं गाणं बसणार नाही हे आधीच सांगते.
– सांस्कृतिक समिती

---

गदिमांना पाचच? आणि त्यातली तीन गीतरामायणाची, म्हणजे बाकी माणसाला दोन उरली. अहो १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं ते वर्षभर दर आठवड्याला नवं गाणं, छप्पन्न गाणी, हे ठीकच, पण त्याच हाताने 'बुगडी माझी सांडली गं' लिहिलीय आणि त्याच हाताने 'नाच रे मोरा' लिहिलंय, देवघर, फड आणि बालवाडी तिन्हीकडे चालणारा दुसरा गीतकार दाखवा मला. माझं म्हणणं सहा गाणी. आणि गीतरामायण आमचा रविवारचा ग्रुप सहा वर्षं बसवतोय तेव्हा ते आम्हीच गाणार, कॅराओके ट्रॅकवर नको.
– तबलेवाले काका

---

काका, सहाचं नंतर बघू, आधी यादीतली चूक. शांताबाईंच्या तिनात 'श्रावणात घननिळा बरसला' टाकलंय, ते पाडगावकरांचं आहे, खळ्यांची चाल. असं छापून गेलं तर मला लायब्ररीच्या टेबलावर बसवणार नाही. शांताबाईंचं 'तोच चंद्रमा नभात' घ्या आणि 'मी डोलकर' घ्या, एक संस्कृतच्या प्राध्यापकाला शोभेल असं आणि दुसरं कोळीवाड्यात उभं राहून लिहिल्यासारखं, आणि दोन्ही एकाच बाईंची, हे समोर ठेवलं की मग श्रेष्ठ कोण त्यावर बोलायलाच नको.
– लायब्ररीवाली मावशी

---

'मी डोलकर'ला हेमंतकुमारांचा भाग कोण गाणार? मागच्या वर्षी खालच्या पट्टीत गाणारे जे दादा होते ते आता सिडनीला गेले. ट्रान्सपोज करून देतो मी, पण आज सांगा.
– कीबोर्ड

---

पी. सावळाराम कुठेच नाहीत का? १९९८ मध्ये लग्न करून इकडे यायला निघाले तेव्हा एअरपोर्टला जाताना गाडीत 'गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का' लागलं आणि बाबांनी ते बंद केलं, पुढे कुणी काही बोललंच नाही. आजही मला ते पूर्ण ऐकवत नाही. मला तरी त्याच्यापेक्षा मोठं गाणं माहीत नाही.
– पुरणपोळी टीम

---

मी लिस्टवर फारसं लिहीत नाही. यादी वाचली आणि थांबलो की कुणीतरी म्हणेल. वामनदादा कर्डक नाहीत.

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, गदिमांची गाणी मलाही पाठ आहेत. पण आमच्या वस्तीत १४ एप्रिलला रात्रभर जी गाणी चालायची ती वामनदादांची. माझी आजी शाळेत गेली नव्हती, रेडिओ आमच्याकडे उशिरा आला, तरी तिला त्यांची गाणी कडव्यांसकट यायची कारण ती गायन पार्ट्यांकडून कानावर पडलेली. आणि लिहिणारा कोण, तर सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा, ज्याला मोठेपणी मुंबईत अक्षरओळख झाली. शांताबाई १९२२ च्या, वामनदादाही १९२२ चेच. एकाच सालची दोन माणसं, एकाचा फोटो फ्लायरवर आणि एकाचं नावही नाही, हे मला सहन होत नाही.
– अकाउंट्सला मदत करतो तो

---

वामनदादा मोठेच, प्रश्नच नाही, पण ते चळवळीचं गाणं झालं ना? आपला विषय चित्रपट-भावगीत, लोकप्रिय संगीत असा होता.
– तबलेवाले काका

---

काका, रेकॉर्ड न घेता, जाहिरात न करता गावोगाव लोक गातात ते लोकप्रिय नाही तर काय? आणि 'भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते, तलवारीचे तयांच्या न्यारेच टोक असते' हे एकदा नुसतं बोलून बघा. लोक, टोक, आणि शेवटी असते. भटांची गझल आपण ज्या कानाने ऐकतो त्याच कानाने हे ऐका. पाच लोक मागतोय तो, पाच हजार नाही.
– अकाउंट्सला मदत करतो तो

---

मी म्हटलं ना घननिळा काढायचंच आहे. ती जागा वामनदादांना द्या. शांताबाईंची दोन राहू देत, मला चालतील. समितीने एवढं करावं.
– मावशी

---

घननिळा काढलं, वामनदादा घातले, बाराच राहिली. "सर्वश्रेष्ठ" शब्दही काढते, नुसतं "आपले गीतकार" ठेवते. काका, सहा होणार नाहीत. सावळारामांचं पाडव्याच्या यादीत लिहून ठेवलंय. पण गाणार कोण आणि साथ काय, तबला चालेल का?
– सांस्कृतिक समिती

---

तबला नको, ढोलकी पाहिजे. माझी आहे, शाई थोडी गेलीय पण वाजते. दोनदा बोलून बघितलं मी आत्ता, ते "पाच लोक" फार जोरात येतं. पट्टी कळव रे, शनिवारी दहाला माझ्याकडे ये, गॅरेजमध्ये बसू.
– काका

---

काळी चार. येतो काका, हार्मोनियम घेऊन येतो. फ्लायरवर आडनाव "कर्डक", ड वरचा रफार प्रिंटमध्ये गळतो, प्रूफ एकदा मला पाठवा.
– अकाउंट्सला मदत करतो तो