मदत हवी आहे: लाईनवरच्या लोकांनी सुधारणा सुचवणं बंद केलंय, परत कसं सुरू करायचं?

नमस्कार मंडळी,

मी गोव्यात वेर्ण्याला एका औषध कंपनीत पॅकिंगची सुपरवायझर आहे (कंपनीचं नाव लिहीत नाही, कृपया विचारू नका). आमच्याकडे नवीन प्लांट हेड आलेत आणि त्यांना चवथीची (गणपतीची) सुट्टी संपली की कायझन (कामगारांनीच रोजच्या कामात छोट्या छोट्या सुधारणा सुचवायच्या) सुरू करायचंय. बॅनर लागणार, महिन्याच्या बेस्ट कायझनवाल्याचा फोटो नोटीस बोर्डवर, आणि माणसामागे महिन्याला दोन सजेशन असं टार्गेट. सुरुवात तुझ्या लाईनपासून कर म्हणाले. मला हे काम मनापासून करायचंय, पण असंच चालू केलं तर पहिल्या महिन्यात फॉर्म भरतील आणि मग सगळं थंड होईल हे आत्ताच दिसतंय, कारण आमच्याकडे हे एकदा होऊन गेलंय.

तेव्हाचं सांगते. एका गोळीवरून दुसऱ्या गोळीवर जाताना गोळ्यांच्या स्ट्रिप बनवणाऱ्या ब्लिस्टर मशीनचे फॉर्मिंग डाय, सीलिंग रोलर, फीडिंग चॅनल असं बरंच काही बदलावं लागतं आणि त्यातला कितीतरी वेळ पार्ट आणि अॅलन की शोधण्यातच जायचा. आमच्या एका हेल्परने सुचवलं की प्रत्येक प्रॉडक्टची वेगळी ट्रॉली करा, फोममध्ये त्या त्या पार्टच्या आकाराच्या खाचा कापा, म्हणजे काय कमी आहे ते बघितल्याबरोबर कळेल. केलं, आणि चेंजओव्हरचा, म्हणजे या बदलाबदलीचा, वेळ खरंच खूप कमी झाला. मग वाचलेल्या वेळात प्लॅनिंगने जादा बॅच टाकल्या आणि त्याच लाईनवरचा एक कॉन्ट्रॅक्टचा मुलगा कमी केला, सावंतवाडीहून रोज ये-जा करायचा तो. ज्याने ट्रॉली सुचवली त्याच्याच बरोबर डबा खायला बसायचा. त्यानंतर त्या हेल्परने एक शब्द सुचवलेला नाही, आणि मी त्याला दोष देऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट. बॅच संपली की लाईन क्लिअरन्स (आधीच्या बॅचचं काही राहिलं नाही ना याची तपासणी) असतो, जुन्या बॅचचं गोळ्यांबरोबर जाणारं एक माहितीपत्रक जरी मशीनमध्ये सापडलं तरी क्यूए (क्वालिटी अॅश्युरन्स) सही करत नाही, आणि ते बरोबरच आहे. आमच्या कार्टनरच्या (स्ट्रिप खोक्यात भरणाऱ्या मशीनच्या) मागच्या स्टीलच्या गार्डआड पत्रकं अडकतात. एका पॅकर ताईने सांगितलं की तिथे पारदर्शक गार्ड लावा, बाहेरूनच दिसेल. सगळ्यांनी छान छान म्हटलं, फॉर्म वर गेला, आणि पुढे काय झालं ते तिला आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. ती अजून प्रत्येक क्लिअरन्सला गुडघ्यावर बसून टॉर्च मारून बघते.

आणि फॉर्म इंग्रजीत. आमच्या फ्लोअरवर कोंकणी, मराठी, हिंदी, कन्नड सगळं चालतं, पण फॉर्मवर "प्रॉब्लेम स्टेटमेंट", "रूट कॉज", "कॉस्ट बेनिफिट" असे रकाने. पावसात कार्टन दमट होऊन वाकतात आणि मशीनमध्ये अडकतात, म्हणून आदल्या दिवशीच एसी स्टेजिंग रूममध्ये आणून ठेवा, ही इतकी चांगली गोष्ट मला चहाच्या वेळी तोंडी कळली, फॉर्मवर ती कधीच आली नसती.

तर लोकांचा विश्वास परत कसा आणायचा? टार्गेटला विरोध करू का? बक्षीस ठेवावं का? ज्यांनी खरंच करून बघितलंय त्यांनी सांगा, पुस्तकी नको प्लीज.

प्रतिसाद १

ताई, मी बरीच वर्षं क्वालिटी सर्कलचं (कामगारांच्या सुधारणा गटांचं) काम बघितलंय, आता रिटायर आहे, फोंड्याला असतो. तुमच्या पोस्टमध्ये उत्तर आहेच, माणूस कमी केला तिथे सगळं संपलं. बॅनर नंतर, आधी प्लांट हेडकडून एकच गोष्ट मागून घ्या, की सुधारणेमुळे मोकळा झालेला माणूस घरी जाणार नाही, दुसऱ्या लाईनला जाईल नाहीतर ट्रेनिंगला, आणि यात कॉन्ट्रॅक्टची माणसं धरलेली असतील. हे लेखी हवं, आणि लोकांसमोर त्यांनी स्वतः सांगायला हवं.

सगळे टोयोटाचं उदाहरण देतात पण सुरुवात सांगत नाहीत. १९५० मध्ये कंपनी बुडायला आली होती, कामगार कपात झाली, मोठा संप झाला आणि किइचिरो टोयोडांनी स्वतः अध्यक्षपद सोडलं. त्यांची सूचना योजना १९५१ ची, म्हणजे या सगळ्याच्या लगेच नंतरची. १९६२ मध्ये तर युनियन आणि मॅनेजमेंटने मिळून एकमेकांवरच्या विश्वासाचा जाहीरनामा केला. नोकरीचा प्रश्न आधी येतो तो असा.

माणशी दोनचं टार्गेट काढायला सांगा. टार्गेट ठेवलं की लोक "डस्टबिनची जागा बदला" असलं लिहून मोकळे होतात. मोजायचंच असेल तर सूचना आल्यापासून उत्तर द्यायला किती दिवस लागले ते मोजा. टोयोटात लाईनवर अडचण आली की कामगार मदत बोलवायची दोरी ओढतो तेव्हा टीम लीडर धावत येतो, तो येतो म्हणून लोक दोरी ओढतात. "नाही" असं उत्तर असलं तरी चालतं, पण कारणासकट आणि तोंडावर द्या. रोख बक्षिसाच्या भानगडीत मी तरी पडणार नाही, एकाची आयडिया तिघांच्या बोलण्यातून आलेली असते आणि मग पैशावरून भांडणं लागतात.

प्रतिसाद २

मी क्यूएमध्ये आहे, दुसऱ्या कंपनीत. औषधात मशीनला हात लावायचा म्हणजे चेंज कंट्रोल (बदल आधी लेखी तपासून मंजूर करायची पद्धत) आलाच, गार्ड बदलणं त्यातच येतं, ते टाळायला कुणी सांगत असेल तर ऐकू नका. पण सगळंच त्यात येत नाही ना. टूल कुठे ठेवायचे, स्टूलची उंची, बोर्डवर काय लिहायचं, हे तुमच्या पातळीवर त्याच आठवड्यात होऊ शकतं. कार्टन आधी आणून ठेवायचं असेल तर वेगवेगळ्या बॅचचे एकत्र येऊ नयेत, त्याची सोय आणि एसओपी (कामाची ठरलेली लेखी पद्धत) बघून घ्या, मग तेही होईल. आम्ही असं केलं की आठवड्यातून एकदा क्यूए, मेंटेनन्स आणि सुपरवायझर लाईनवरच उभं राहून नवीन सूचना बघतात आणि तिथल्या तिथे ठरवतात, ही तुमची, ही मेंटेनन्सची, हिचा चेंज कंट्रोल मी उघडतो. शेवटी फक्त सहीला बोलावलं की क्यूएवाला नाहीच म्हणणार, सुरुवातीपासून घेतलं तर तोच मार्ग काढतो. आणि फॉर्म बंद करा. ते तोंडी सांगतील, लिहून तुम्ही घ्या.

मूळ धागाकर्ती

काका, दादा, दोघांचेही खूप आभार, एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं. गार्डचा चेंज कंट्रोल उघडायला क्यूए तयार झालेत, त्या ताईला मी आज शिफ्ट सुटायच्या आधी मशीनजवळ जाऊन सांगितलं. तिने लगेच विचारलं, गार्ड उघडायचा स्क्रू खालून असेल की बाजूने, बाजूने ठेवा म्हणाली, नाहीतर पुसायला परत वाकावं लागेल. ते मेंटेनन्सला कळवलंय.

फॉर्मचं आणि टार्गेटचं प्लांट हेडनी ऐकून घेतलं, टार्गेट निदान पहिले तीन महिने नको यावर मान्य झाले. पण माणूस कमी न करण्याचं लेखी द्यायला एचआर अडून बसलंय, म्हणतात कॉन्ट्रॅक्टची माणसं आपल्या रोलवर (पगारपत्रकावर) नाहीत, कॉन्ट्रॅक्टर ठरवेल. ट्रॉलीच्या वेळी मात्र कॉन्ट्रॅक्टरला सांगणारी कंपनीच होती. कुंडई, पिळर्ण, डिचोली, गोव्यातल्या कुठल्याही कारखान्यात, कॉन्ट्रॅक्टरच्या वर्क ऑर्डरमध्ये असं कलम कुणी घालून घेतलं असेल तर त्याचे शब्द काय होते आणि एचआरला कसं पटवलं ते लिहाल का? मीटिंग पुढच्या आठवड्यात आहे.