वजन कमी करायच्या ऑपरेशनमध्ये ताईसाठी स्लीव्ह की बायपास? करून घेतलेल्यांनी सांगा

ऐरोलीहून: माझी ताई 44 वर्षांची, वजन 118 किलो, उंची 158 सेंटीमीटर. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 47. नऊ वर्षांपासून शुगर आहे, आता इन्सुलिन घेते. जेवली की छातीत जळजळ, रात्री दोन उशा लावून झोपते. एक डॉक्टर स्लीव्ह म्हणाले, दुसरे बायपास. आई म्हणते, चांगलं पोट कशाला कापायचं. आम्ही गोंधळलोय.

नेरुळहून: माझ्या मिस्टरांची मिनी बायपास झालीय. त्यात आतड्याला एकच जोड असतो. शुगरच्या गोळ्या सुटल्या, पण कधीकधी पित्त वर येतं. जळजळीचं डॉक्टरांना नक्की विचारा.

नौपाड्याहून: माझी 2019 मध्ये रू-एन-वाय, म्हणजे दोन जोडांची बायपास झाली. तेव्हा 112 किलो होते, आज 74. दुर्बिणीतून जठराच्या वरच्या टोकाला साधारण 30 मिलीची पिशवी करतात आणि खालचं आतडं वर आणून तिला जोडतात. दुसरा जोड बराच खाली असतो, पित्त तिथे येऊन मिळतं, म्हणून ते सहसा वर चढत नाही. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून काढतात आणि अरुंद नळी उरते, त्यात जळजळ वाढू शकते. तुमच्या ताईंचं ऐकून मला बायपासच योग्य वाटते, पण आधी एंडोस्कोपी करून घ्या.

आता माझी चूक सांगते. तिसऱ्या वर्षी गुडघा धरला. मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून आठ-दहा दिवस घेतली. एका सकाळी शौचाला डांबरासारखं काळं झालं आणि जिन्यातच डोळ्यांपुढे अंधारी आली. पिशवीच्या जोडावर अल्सर झाला होता. हिमोग्लोबिन 7.2, दोन बाटल्या रक्त चढवलं. तेव्हापासून पर्समध्ये चिठ्ठी असते: 'बायपास झाली आहे. पॅरासिटामॉल चालेल, बाकी पेनकिलर नको.' तंबाखूनेही तोच अल्सर होतो. माझी मिश्री डॉक्टरांनी ऑपरेशनआधीच सोडवली होती.

बी-12, लोह, कॅल्शियम जन्मभर. बरं वाटतंय म्हणून थांबायचं नाही.

ऐरोलीहून: गोड खाल्लं की त्रास होतो म्हणतात, तो कसा?

नौपाड्याहून: त्याला डंपिंग म्हणतात. भाचीच्या साखरपुड्यात चार चमचे श्रीखंड खाल्लं. दहा मिनिटांत छाती धडधडायला लागली, घामाने ब्लाउज भिजला, हॉलच्या बाथरूममध्ये अर्धा तास बसून होते. साखर एकदम आतड्यात उतरते ना! आता ताटात आधी डाळ, पनीर नाहीतर अंडं. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने.

आणखी एक, हे जपून ठेवा. वर्षा-दोन वर्षांनीसुद्धा पोटात मुरडून कळ आली, ती पाठीत गेली, तर गॅस समजून ओवा चावत बसू नका. आतडं आतल्या फटीत अडकलेलं असू शकतं. त्याच दिवशी सर्जनकडे जा, सीटी स्कॅन करायला सांगा.

इन्सुलिनचा डोस ऑपरेशननंतर काही दिवसांतच उतरू शकतो. तो डॉक्टरच ठरवतील, पण घरी रोज शुगर मोजा.

ऐरोलीहून: ताईला सगळं वाचून दाखवलं. ती गप्पच झाली. मग म्हणाली, गुडघ्यासाठी ती दोन वर्षांपासून रोज डायक्लोफिनॅक घेतेय. दोन्ही डॉक्टरांनी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. उद्या गोळ्यांची पट्टीच सोबत नेतेय.