महाबळेश्वर ते म्हसवड, कोण कुणाला खातंय?

प्रश्न: गाव माण तालुक्यातलं, म्हसवडकडचा दुष्काळी भाग, नोकरी महाबळेश्वरला. तिकडं साडेपाच हजार मिमीच्या आसपास पाऊस, आमच्याकडं पाचशे झाला तरी पेढे वाटायचे! अंतर सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटर. मग अन्नजाळं, म्हणजे कोण कुणाला खातं ती साखळी, पण बदलते का, का नुसते प्राणी वेगळे?

उत्तर १: बदलतं की. कोयनेच्या जंगलात गवा, सांबर, भेकर, त्यांच्यावर बिबट्या, कोळसुंदे (रानकुत्रे), म्हणजे खाणारे जास्त आणि शिकारीच्या वाटण्या पण जास्त. माणात लांडग्याला ससा मिळाला ससा, उंदीर मिळाला उंदीर, नाहीतर धनगराची मेंढी हायच. निवड करत बसला तर उपाशी मरंल.

उत्तर २: नुसतं पावसावर जाऊ नका राव. साताऱ्याजवळच्या कास पठारावर धो धो पडतो पण कातळावर माती बोटभर, नायट्रोजन धुऊन जातो, म्हणून तिथं दवबिंदू नावाची वनस्पतीच किडे धरून खाते. मी गुडघ्यावर बसून बघितलंय, चिकट थेंबात चिलट अडकलेलं, पाय हलत होते अजून. सीतेची आसवं पण तसलीच, निळं फूल बघून भोळी वाटते, खाली बारीक पिशव्यांत पाण्यातले जीव ओढती.

प्रश्नकर्ता: आयला, म्हणजे तिकडं झाडं पण मटण खात्यात 😄