वॉकर की चार पायांची काठी? (बजेट १५००)

सातारकर_२: आईच्या (वय ७१) डाव्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. सोसेल तितका भार द्या म्हणालेत. साधा घडीचा वॉकर, पुढे चाकं असलेला, की चार पायांची काठी? बाथरूमचं दार २४ इंची, घराबाहेर तीन पायऱ्या. बजेट १५००.

तिखटमीठ: १५०० विसरा. सीट आणि ब्रेकवाला चारचाकी रोलेटर घ्या, दमलं की बसता येतं.

फिजिओताई: रोलेटर आत्ता अजिबात नको. भार टाकला की चाकं पुढे पळतात, माणूस मागे राहतो. तोल शाबूत असून नुसता दम लागतो त्यांच्यासाठी तो ठीक. सध्या वॉकरच, तोही बिनचाकी.
उंची अशी ठरवा: घरात वापरायच्या चपला घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे, मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. चारही पाय एकाच भोकावर लावा. बटण पूर्ण बाहेर आलंय ना, अंगठ्याने चाचपा. अर्धवट अडकलेलं बटण भार पडला की आत जातं आणि तो पाय खचतो.
चालताना वॉकर वीतभर पुढे, चारही पाय टेकले की डावा पाय, मग उजवा. पुढच्या दांडीला पाऊल भिडेल इतकं आत शिरू नये, तोल मागे जातो.

रिकामटेकडा: वॉकरची सवय लागते, मग सुटत नाही. काठी द्या. दुखऱ्या बाजूला, म्हणजे डाव्या हातात.

कोयनाकाठ: उलटं! काठी उजव्या हातात. डाव्या पायावर भार येतो तेव्हा उजवा हात काठीवर दाबला की कंबर उजवीकडे खचत नाही, खुब्यावरचा ताण कमी होतो. डाव्या हातात धरली तर अंग डावीकडेच कलतं. आणि चार पायांची काठी ओबडधोबड फरशीवर दोनच पायांवर डुगडुगते.

रिकामटेकडा: आमच्याकडे सगळे दुखऱ्या बाजूलाच धरतात.

कोयनाकाठ: म्हणूनच सगळे लंगडतात.

भाजणी: वॉकरला +१, मनगटाच्या घडीलाही +१. खालची रबरी बुचं बघून घ्या. खाचा झिजून गुळगुळीत झाली की ओल्या फरशीवर घसरतात, बदलायची. खुर्चीतून उठताना वॉकर धरून ओढायचं नाही, तो अंगावर येतो. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायचं, मग वॉकर धरायचा. पायपुसणी उचलून ठेवा. चप्पल मागे पट्टा असलेली.
अवांतर: वय ६५ च्या वर आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ३००० रुपये मिळतात.

तिखटमीठ: मग सरळ व्हीलचेअर घ्या. कटकट नाही.

फिजिओताई: चालायला सांगितलेल्या बाईंना बसवून ठेवायचं? २४ इंची दारातून बहुतेक व्हीलचेअर जाणारही नाहीत.
पायऱ्यांवर वॉकर न्यायचा नाही. एका हाताने कठडा. चढताना उजवा पाय आधी, उतरताना डावा आधी. सोबतचा माणूस दोन्ही वेळा खालच्या पायरीवर. कठडा नसेल तर आधी तो बसवा.

रिकामटेकडा: दार २४ म्हणजे चौकट धरून की सोडून?

सातारकर_२: चौकट सोडून. सर्वांचे आभार. पुढे चाकं असलेला वॉकर घेतोय, १८५० ला. आईचा उजवा खांदा आखडलाय, बिनचाकी वॉकर दर पावलाला उचलणं तिला जमणार नाही. फिजिओला विचारलं, ते हो म्हणाले. चाकं बाहेरच्या बाजूला असली की रुंदी दारापेक्षा जास्त होते, म्हणून पुढचे दोन पाय अदलाबदल करून चाकं आत घेतली. आता खालची रुंदी २२ इंच. बाथरूमच्या उंबरठ्यापाशी मात्र उचलावा लागेल, तिथे भिंतीला पकडदांडी बसवतोय.

तिखटमीठ: रोलेटरला सीट असते पण.